जखमी : निरंक

“पेपरात छापून आलं का कोणीच जखमी झालं नाही. मंग याचा हात काहून लटकून राहिला, हवालदार साहेब?”

शेवंताबाईने वर्तमानपत्र माझ्या टेबलावर आपटलं आणि नवऱ्याला पुढे ढकललं. गणपतचा उजवा हात लुगड्याच्या चिंधीने गळ्यात बांधलेला होता. कोपराखाली हा असा सुजलेला. तो बिचारा खाली मान घालून उभा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गांधीबागेजवळच्या एका ठाण्यात मी रायटर हवालदार होतो. रायटर म्हणजे ठाण्याचं सगळं लिहिणारा माणूस. ठाणेदार बदलतात, रायटर तिथेच असतो. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू!

चार दिवसांपूर्वी नळाच्या पाण्यासाठी वस्तीतल्या लोकांचा मोर्चा निघाला होता. ढकलाढकली झाली, दगड आला, लाठ्या चालल्या. लाठी चालली की त्याच दिवशी वर रिपोर्ट पाठवावा लागे. हुकूम कोणी दिला, आधी इशारा दिला का, पोलीस किती जखमी, पब्लिक किती जखमी. त्याच रिपोर्टवरून पेपरवाल्यांना निवेदन जाई. म्हणजे गावाला काय कळणार, ते आमच्या कागदावर ठरायचं.

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडे एक तयार नमुना होता. सगळेच रायटर ठेवत. ‘सौम्य लाठीमार करून जमाव पांगविला. पब्लिक जखमी : निरंक.’ निरंक म्हणजे कोणी नाही. तारीख आणि जागा बदलायची, की झाला रिपोर्ट. आमच्या एका शिपायाचा गुडघा खरचटला, तो मी आठवणीने लिहिला. समोरच्यांपैकी कोणाला लागलं का, हे पाहायला मी खुर्चीवरून उठलोही नव्हतो.

“दवाखान्यात गेला होता का गा?” मी गणपतला विचारलं.

उत्तर शेवंताबाईनेच दिलं. “गेलतो न जी! डाक्टर म्हणे, मारहाणीची केस हाय, ठाण्याची चिठ्ठी आणा. मिलमधी मुकादम, थो जॉबर, म्हणे, डाक्टरचं सर्टिफिकेट आण, नाही तं सोमवारी नाव कटते. इथं आलो तं तुमचा शिपाई पेपर दाखवते. म्हणे, कोणाले लागलंच नाही! आता आमी काय खावं, थो पेपर?”

तेव्हा शुक्रवार होता. मला खरंच लाज वाटली. गणपतची नोकरी माझ्या त्या एका शब्दाने अडवली होती.

मी ठाणेदार साहेबांकडे गेलो. साहेब साताऱ्याकडचे, तोंडाने फटकळ.

“चिठ्ठी देऊन टाक आणि गप बस,” ते म्हणाले.

“साहेब, रिपोर्टात निरंक आहे. चिठ्ठी दिली तर खोटा कोण, चिठ्ठी की रिपोर्ट? पुरवणी रिपोर्ट पाठवावा लागेल.”

“माझी सही आहे त्यावर, वानखेडे!”

“अक्षर माझं आहे साहेब. चूक माझ्या नावावर लिहितो.”

साहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. मग म्हणाले, “एकासाठी वर कागद पाठवणार नाही. किती लोकांना लागलंय ते घरोघर जाऊन बघ. पाठवायचा तर पुरा पाठव.”

मी साध्या कपड्यांत वस्तीत गेलो. तरी बातमी माझ्याआधी पोचली होती. धडाधड दारं लागली. लोकांचंही बरोबर होतं. लागलं म्हणून सांगावं, तर दंग्याच्या केसमध्ये नाव यायचं. म्हणून सगळे हाडवैद्याकडून पट्ट्या बांधून गुपचूप घरी बसले होते.

शेवंताबाई पुढे झाली. “दार उघड वं सखू! लिवाले आला हाय, धराले नाही. मी हावो न!”

गणपत धरून सात जण निघाले. एका म्हातारीचं डोकं फुटलं होतं, तिने पदराआड लपवलेलं. प्रत्येकाचं नाव, जखम, अंगठा घेतला. कोणाचंही नाव केसमध्ये घालणार नाही, असा शब्द दिला आणि तो पाळला.

शनिवारी सकाळी साहेबांनी पुरवणी रिपोर्टवर सही केली. मी तो घेऊन सदरच्या ऑफिसात डीसीपी साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. “‘जखमींची चौकशी न करता निरंक लिहिले, ही रायटरची चूक.’ हे तुम्ही स्वतःच लिहिलंत?”

“हो साहेब.”

“ताकीद मिळेल.”

“मिळू द्या साहेब.”

मिळाली. माझ्या सर्व्हिस शीटवर ती अजून आहे, आणि मला मिळालेल्या बक्षिसांपेक्षा मी ती आधी दाखवतो.

गणपतला दुपारीच चिठ्ठी दिली. हात प्लॅस्टरमध्ये गेला, सर्टिफिकेट मिलमध्ये गेलं, नाव राहिलं. रविवारच्या पेपरात आतल्या पानावर तीन ओळी आल्या : त्या लाठीमारात सात नागरिक जखमी झाल्याचे पोलिसांनी कळविले आहे. नमुना मी फाडून टाकला.

पुढे महिन्याच्या मीटिंगला मी साहेबांच्या मागे फाइल धरून उभा होतो. साऱ्या ठाण्यांचा तक्ता वाचला गेला. लाठी चार ठिकाणी चालली होती. जखमी फक्त आमच्या हद्दीत.

“तुमचीच माणसं इतकी जोरात मारतात का हो?” वरच्या साहेबांनी विचारलं. हॉल हसला.

आमचे साहेब उठले. “नाही सर. मारतात सगळेच सारखं. आमचा रायटर जाऊन बघतो.”

पुढच्या महिन्यापासून बाकीच्या ठाण्यांच्या रिपोर्टांतही लोक जखमी होऊ लागले.