जिवंत अप्पांचं सुतक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला अजून शाल घातलेली नाही.

हसू नका. सोलापुरातल्या माझ्या कपाटात शालींचा एक अख्खा कप्पा आहे. 'टांझानियातल्या खेड्यात विनामोबदला शिकवून आलेल्या ताई' म्हणून मला बोलावतात — शाळेचं स्नेहसंमेलन असो, महिला मंडळाचं हळदीकुंकू असो, नाहीतर कुणाच्या नव्या क्लासचं उद्घाटन. शाल, नारळ, मग माझं भाषण. मागे पडद्यावर फोटो. हातात खडू घेऊन मी, भोवती हसणारी पोरं. बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि मला त्या बायकांचा असा राग येतो म्हणून सांगू! एवढी माणसं बसलेली असतात, एकीला तरी विचारावंसं वाटू नये — ताई, मुदत संपायच्या आधीच परत का आलात? पण विचारणार कोण? सगळ्यांचं लक्ष नाष्ट्याकडे. आणि पहिल्या रांगेत माझे अप्पा, पांढरी टोपी घालून, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत.

अप्पांवर येतेच. त्यांच्यावरच यायचंय.

आधी मी गेले कशाला, ते सांगते. सेवेबिवेसाठी नाही हो. मी इथे एका क्लासमध्ये इंग्रजी आणि गणित शिकवत होते. चुलतबहिणी पुण्यात कंपन्यांत, एक तर अमेरिकेत. लग्नकार्यात भेटल्या की 'तू अजून ट्यूशनच का गं?' असं गोड हसून विचारायच्या. मला परदेश हवा होता. कुठलाही. एक संस्था तिकीट देऊन पाठवत होती, मी गेले. फोटो काढायला गेले म्हणा ना! सोलापूरजवळच्या दुधनीच्या पुढे कधी न गेलेले अप्पा मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला आले आणि तिथल्या शिपायाला सांगत सुटले, 'आमची पोरगी चाललीय, शिकवायला, फारिनला.'

गाव डोंगरात होतं. सकाळी पोरं येताना डोक्यावर सरपण आणि पाण्याचे डबे घेऊन यायची, अंगण झाडायची, मग ओळीत उभी राहून 'शिकामू, म्वालिमू' म्हणायची — म्हणजे 'नमस्कार बाई', पण मोठ्या माणसाला पाया पडून करावा तसा. दुपारी उगाली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत शिजवलेला घेवडा. मी घरून शेंगाचटणी नेली होती. ती खोलीचं दार लावून खायचे, कुणाला द्यावी लागू नये म्हणून.

आणि शिकवणं? फळ्यावर लिहायचं, पोरांनी उतरवायचं. झालं. वर्गात मुंगी शिरायला जागा नाही, एका बाकावर चार-चार डोकी. कळलं नाही असं एखाद्यानं म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मी मराठीत ओरडायचे — 'दगड!' त्यांना काय कळणार? बाईंनी नवीन शब्द शिकवला असं समजून सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा — 'दगड!' हे मी अप्पांना फोनवर हसत हसत सांगितलं होतं. अप्पा हसले नाहीत. 'असं का करायलीस गं?' एवढंच म्हणाले. तेव्हा मला अप्पाही अडाणीच वाटले.

त्या पोरांत सलोमे होती. सातवीतली, उंच, सतत हात वर करणारी. तिथे सातवीला मोठी परीक्षा असते. पास झालं तर पुढची शाळा, नाही तर शिक्षण संपलं. सलोमेचं तर ठरलेलंच होतं — नापास झाली की शहरात मावशीकडे जायचं आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. हे तिनंच मला सांगितलं होतं. मी 'हं' म्हटलं होतं.

परीक्षेआधी त्या शाळेत एक रीत होती. सातवीची सगळी पोरं शाळेतच राहायला यायची, वर्गातच झोपायची, दिवसभर अभ्यास करायची. घरोघरचे आईबाप त्यासाठी मक्याचं पीठ आणि घेवडा आणून द्यायचे. पीठ संपेपर्यंत मुक्काम. मी तो मुक्काम आणि परीक्षा उरकून मगच परतायचं, असा माझा शब्द होता.

मुक्काम सुरू झाल्यावर हेडमास्तरांनी — जोसेफ सर त्यांचं नाव — सराव परीक्षा घेतली. गणिताचे पेपर माझ्यापुढे ठेवले. अपूर्णांक एकालाही येत नव्हते. एकालाही! सर म्हणाले, 'अजून वेळ आहे, बाई. तुम्ही आहात ना!'

तुम्ही आहात ना. निकाल लागणार, माझ्या विषयात सगळी पोरं आपटणार, आणि ते संस्थेला कळणार. मग फोटो कुणाला दाखवायचे? परत आल्यावर मी घरच्यांना पिसवा सांगितल्या, पाणी सांगितलं, एकटेपण सांगितलं — सगळ्या थापा. मला माझं पितळ उघडं पडू द्यायचं नव्हतं, बस. पण काही कारण तर हवं! आजारी पडले म्हटलं तर दवाखान्यात नेतील. आई तर मी लहान असतानाच गेलेली.

मग मी अप्पांना मारलं.

सरांच्या खोलीत गेले, तोंडाला रुमाल लावला आणि सांगितलं — घरून फोन आला, वडील वारले. मला वाटलं, अरेरे म्हणतील आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवून देतील. सोलापुरात तसंच झालं असतं. आपण काय करतो? दारात उभं राहून 'वाईट झालं' म्हणतो, मोबाईल बघतो आणि सटकतो.

तिथली रीत मला ठाऊक नव्हती. ठाऊक करून घ्यायची मला गरजच कुठं वाटली होती? ज्याच्या घरचं माणूस जातं त्याला ते एकटं सोडत नाहीत. त्याला चूल पेटवू देत नाहीत, पाणी भरू देत नाहीत, आणि गावाचं रडून झाल्याशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. तासाभरात बायका चटया घेऊन माझ्या खोलीत येऊन बसल्या. पुरुष बाहेर झाडाखाली. जो येईल तो माझा हात धरून म्हणायचा — 'पोले साना'. फार वाईट झालं. आमच्या लिंगायतांत सुतक मानत नाहीत. त्या गावानं मात्र माझ्या अप्पांचं सुतक पाळलं, आणि अप्पा इकडे दुकानात बसून गिऱ्हाइकाला चादरी उलगडून दाखवत होते!

त्यातच त्यांचा फोन आला. स्क्रीनवर टोपी घातलेला त्यांचा फोटो. मी पोट धरून संडासाच्या मागे पळाले. 'ऊटा आयता?' अप्पांनी विचारलं. जेवलीस का — कानडीत, नेहमीसारखं. मी जेवले म्हटलं आणि फोन बंदच करून टाकला. परत आले तर बायकांना वाटलं मी एकटीच रडून आले. एकीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. आणि मी मनात काय म्हणत होते, माहितीये? किती बावळट लोक आहेत हे!

आणि ते विचारायचे. कसे होते तुमचे वडील? रडायला त्यांना माणूस हवा होता. मी ठोकून दिलं — उंच होते, गात असत. अप्पा बुटके, गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तेवढ्यात सलोमेनं विचारलं, 'ते तुम्हाला शिकवायचे का?' आणि का कोण जाणे, तोंडून खरं गेलं. म्हटलं, हो. अपूर्णांक शिकवले होते, ताटातली भाकरी मोडून. अर्धी, पाव, पावाची अर्धी.

सलोमेनं तिच्यापुढचा उगालीचा गोळा घेतला, चार तुकडे केले, एक उचलला. 'हा पाव?' मग तो मोडला. 'ही पावाची अर्धी? म्हणजे एक अष्टमांश?' तिचा चेहरा — नको, राहू द्या. इतके महिने मी जे फळ्यावर घासत होते ते तिला त्या घटकेला कळलं होतं. तिनं बाहेरच्या पोरांना हाक मारली. चार-पाच जण दारात आले. बाई, पुढचं सांगा.

मी दुःखात होते ना! मी भिंतीकडे तोंड फिरवलं. बायकांनी पोरांना हाकललं. 'बाईंना रडू द्या.'

हे झालं एक. दुसरं असं — इतक्या माणसांना जेवायला कुठून घालणार? मी खिडकीतून पाहिलं, सातवीच्या वर्गातून पिठाची पोती बाहेर येत होती. ती पोती कसली होती ते मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर? नाही बोलले. त्या पोरांच्या मुक्कामाचं पीठ माझ्या जिवंत बापाच्या सुतकात संपलं, आणि त्यातलं मीही खाल्लं. पीठ संपलं तसं पोरं घरी गेली. शेतात कामाला लागली.

मी निघाले तेव्हा सलोमेनं माझी बॅग डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणली. म्हणाली, 'तुम्ही काळजी करू नका, मी घरी उगाली मोडून करते.'

निकाल जोसेफ सरांनी कळवला. गणितात सगळा वर्ग नापास. सलोमे शहरात गेली. खाली लिहिलं होतं — 'वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यावर प्रसंगच तसा होता.' त्यानंतर दरवर्षी ठरल्या दिवशी त्यांचा मेसेज येतो. आज आम्ही तुमच्या वडिलांची आठवण काढली. मी थँक्यू लिहिते. एकदा मी अंघोळीला गेले असताना तो मेसेज वाजला, अप्पांनी स्क्रीनवर सरांचा फोटो पाहिला आणि ओरडून सांगितलं, 'तुझ्या आफ्रिकेवाल्यांचा आलाय बघ! किती जीव लावतात की गं!'

मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून मेसेज आला. सलोमे. मोडकंतोडकं इंग्रजी — मीच शिकवलेलं, दुसरं कुणाचं असणार? तिचे वडील गेले होते. मालकीणबाईंनी गावी जाऊ दिलं नाही. शहरात तिच्याजवळ बसायला कुणी आलं नाही, ती भांडी घासत राहिली. शेवटी लिहिलं होतं — 'तुम्हीही घरापासून लांब होतात. म्हणून तुम्हालाच सांगते, बाई. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.'

मी फोन हातात धरून बसले होते. स्वयंपाकघरातून अप्पांची हाक आली, 'ये की गं, काय करायलीस तितं? भाकरी निवायली!'

मी तिला लिहिलं — पोले साना. आणखी काही लिहिलं नाही. मग आत गेले आणि अप्पांच्या समोर बसून जेवले.