शमीम आपांचे चित्ते

गारखेड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या शमीम आपांसमोर बिबट्याला कुणी चित्ता म्हटलं, की त्या हातातलं काम थांबवायच्या. मागे चिकलठाण्याकडे बिबट्या दिसला, तेव्हा भाजीवाला 'चित्ता आला' म्हणून सांगत होता. मेथीची जुडी तशीच धरून आपा म्हणाल्या, "नाय रे बाबा. बिबट्याच्या अंगावर पोकळ ठिपक्यांची फुलं असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, काजळ ओघळल्यासारखी." भाजीवाल्याने मान डोलावली आणि पुढच्या दारात पुन्हा 'चित्ता आला' म्हणून सांगितलं.

आपा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. चित्त्याविषयी बोलताना त्यांचे हात चालायचे. एवढंसं डोकं, खोल छाती, बारीक कंबर, धावता धावता वळताना तोल सांभाळणारी लांब शेपूट. "त्याला डरकाळी येतच नाय. चित्तीण पिलांना हाक मारती ती पाखरासारखी," असं म्हणून तो आवाज काढून दाखवायच्या. मुलं लहान असतानाच त्यांचे मिस्टर गेले. जुनैद आणि जावेदला त्यांनी एकटीनं वाढवलं. संध्याकाळी त्या तशीच हाक मारायच्या आणि दोघं खेळ टाकून जेवायला पळत यायचे.

पुढे दोघं भाऊ कॅनडात गेले, एकाच गावात घर करून राहिले. कुणी कौतुक केलं तर आपा हसायच्या. "चित्त्यांत भाऊ भाऊ जन्मभर सोबत राहतात. आई मात्र पिलं शिकारीला तयार झाली की त्यांना सोडून निघती. माझं उलटं झालं. पिलं निघाली, मी इथंच." मुलं सारखी बोलवायची. आपा 'बघू' म्हणायच्या.

आफ्रिकेतले चित्ते मध्य प्रदेशातल्या जंगलात आणले, त्यानंतर आपांनी माझ्यामागे लकडा लावला. "इथले चित्ते मी जन्मायच्या आधीच संपले. आता आलेत तर एकदा बघू दे." गेल्या हिवाळ्यात, गुडघ्यांना पट्टे बांधून त्या माझ्याबरोबर निघाल्या.

पहिल्या दिवशी हरणं तेवढी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने जीप थांबवली. वाळल्या गवतात चित्तीण उभी होती. मागे तीन पिलं, पाठीवर रुपेरी केस. ती चालू लागली, तशी दोन पिलं निघाली. तिसरं मागेच राहिलं. तिने वळून बारीक, पाखरासारखी हाक दिली आणि ते उड्या मारत तिच्याकडे धावलं. बघता बघता सगळी गवतात दिसेनाशी झाली.

आपा आता काही सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

फाटकाबाहेर येताच म्हणाल्या, "जुनैदला फोन लाव."

"काय झालं अम्मी?" तिकडून घाबरलेला आवाज आला.

"काय नाय बेटा. माझं तिकीट काढ."

मी चकित झाले. "आपा, एकाएकी?"

"चित्तीण एकदा निघाली की पिलांकडं परत जात नाय," त्या म्हणाल्या. "मी काय चित्तीण आहे का गं?"

चिकलठाण्याच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेले. आत जाताना त्यांनी माझा हात खूप वेळ सोडला नाही.

आता आठवड्याला फोन येतो. थंडी लई आहे म्हणतात, नातवाला हाक शिकवली म्हणतात. परवा मी विचारलंच, "आपा, परत कधी येणार?"

"तूच ये ना गं इकडं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बंद दारासमोर मी फोन कानाला लावून उभी राहिले.