आप्पासाहेबांच्या डोक्यावरचा स्लॅब

“ओव्हरशेर, पोरं काय मिठाची हायत का विरघळायला?”

असं म्हणून आप्पासाहेबांनी माझं एस्टिमेट बाजूला सारलं. एस्टिमेट म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज. तो आम्ही करायचा आणि पुढाऱ्यांनी सारायचा, अशी आमची वाटणी होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आप्पासाहेब तेव्हा जिल्हा परिषदेचे अर्थ सभापती, म्हणजे जिल्ह्यापुरते अर्थमंत्रीच, आणि मी तिथला बांधकामाचा ओव्हरसियर. जिंतूरकडच्या एका खेड्यात एकखोली शाळेचे पत्रे वावटळीत उडाले होते. दगडी भिंती तेवढ्या शाबूत होत्या.

वाघमारे गुरुजी बाहेर लिंबाखाली वर्ग भरवत. मला म्हणाले, “लोक पोरींना शाळेतून काढायलेत, साहेब. जूनपर्यंत छत झालं न्हाई तर एक पोरगी राहायची न्हाई.”

माझा जीव तुटला. आप्पासाहेबांचा नाही. उलट ‘न्हाई’ म्हणण्याच्या त्यांच्या हातोटीवर खूश होऊन पक्षानं त्यांना थेट जिल्हा परिषदेचं अध्यक्ष केलं. एवढा काटकसरी माणूस वर जाणारच.

मग गावोगाव सत्कार सुरू झाले. गुरुजींनीही ठेवला, त्याच बिनछताच्या खोलीत. महिना एप्रिल, वेळ सकाळी आठ.

त्यांचा डाव ओळखून मी म्हणालो, “गुरुजी, आठला कुठलं आलंय ऊन?”

“आठ म्हणलं की साहेब बाराला येतेत. मी लय सत्कार बघितलेत.”

साहेब बाराला आले. गुरुजींनी त्यांना फेटा बांधला, लोकरीची शाल पांघरली, वर हार घातले. मग भाषणं. सत्कारमूर्तीला मधेच उठता येत नाही, शालही काढता येत नाही. गाव बाहेर लिंबाच्या सावलीत बसून दारातून कौतुक बघत होतं. आप्पासाहेब आत भुईमुगासारखे भाजत होते. मला लय बरं वाटलं.

उठता उठता ते माझ्यावर डाफरले, “इथं छत का न्हाई?”

“पत्रे टाकतो, साहेब.”

“पत्रे कशाला? स्लॅब टाका. अन् ही समोरची भिंत पाडा, लोकांना मी दिसत न्हाई. चांगलं स्टेज करा इथं.”

शाळेच्या छताला पैसा नव्हता. स्टेजची मंजुरी त्याच आठवड्यात आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुजी मात्र शांत.

“साहेब, स्टेजला तीन भिंती राहतेत ना?”

“राहतात.”

“मग झालं की. चौथी आमी परत बांधू.”

मी सरकारी पैशानं भिंत पाडली आणि स्लॅब टाकला. गावानं त्याच दगडांची भिंत पुन्हा उभी केली, जुनंच दार बसवलं.

जूनमध्ये आप्पासाहेब उद्घाटनाला आले. आत पोरी पाढे म्हणत होत्या.

“स्टेज कुठंय?” त्यांनी विचारलं.

“हेच की,” गुरुजी म्हणाले. “जरा वर्ग चालू हाय. तुमी बसा.” आणि त्यांनी लिंबाखाली खुर्ची टाकली.

आप्पासाहेब खुर्चीत टेकले. दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं.

त्यानंतर नोकरीभर मी शाळेसाठी छत मागितलं नाही. पुढाऱ्यांच्या डोक्यासाठी मागायचो. खाली पोरं बसायची.