बायचा धवला

माझी थोरली बहीण गायची, सिनेमात कामं करायची, आणि एके काळी पालघरपासून डहाणूपर्यंत तिचं नाव न ऐकलेलं माणूस सापडत नसे. घरात आम्ही तिला बाय म्हणायचो, इथेही तेच म्हणते. एवढ्या मोठ्या गायिकेची बहीण, कसं वाटतं, असं लोक विचारतात. काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं, मग वाटेनासं झालं, आणि ते कधी झालं हे मला सांगता येणार नाही. मी तारापूरच्या किनाऱ्यावर मासळी सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते. गाणं मला येत नाही. माझा आवाज ऐकून कावळेसुद्धा बोंबील टाकून उडतात, असं आई म्हणायची.

आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण लागते. हळदीला ती नवरीशेजारी बसते, दिवा विझू देत नाही आणि धवला गाते. धवल्याच्या मधोमध एक जागा येते. तिथे ती विचारते, ही लेक कोणाची? आणि उत्तरही तीच देते. नवरीचं नाव, बापाचं, आजीचं, घरच्या होडीचं, अंगणातल्या झाडाचंसुद्धा. प्रत्येक नवरीला हा भाग वेगळा. नाव पुकारल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही, असं आमच्या बायका मानतात. माझं लग्न बायच्या आधी झालं. आईने माझं नाव पुकारलं तेव्हा मी हमसून हमसून रडले होते. ती मुलगी मला आता परक्या घरातली वाटते.

धवला बायला मिळायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून ती आईच्या मागे बसून गायची. पण बोईसरच्या कारखान्यांच्या कॉलनीतल्या गणपतीत एका ऑर्केस्ट्रावाल्याने तिला ऐकलं आणि वर्षभरात ती बोईसर, पालघर, वसई असं फिरायला लागली. कारखान्यातले कामगार तिच्या गाण्याला शिट्ट्या मारायचे, "एक और, एक और" ओरडायचे. आईने अडवलं नाही. तिची अट एकच होती, धवला मांडवाबाहेर न्यायचा नाही. मांडव नाही, नवरी नाही, तिथे धवला गाणं म्हणजे नवऱ्याविना हळद लावणं.

सत्तरचं दशक सरता सरता कॅसेटी आल्या. मुंबईच्या एका कंपनीने बायकडे कोळीगीतं मागितली आणि वर आणखी काही "अस्सल" मागितलं. बायने धवला दिला. ती पहिली कॅसेट घेऊन घरी आली, तेव्हा आई अंगणात सुकट निवडत होती. कॅसेट वाजली. आईने शेवटपर्यंत ऐकली, हात थांबवला नाही.

"मांडव कोनाचा हुता?" तिने विचारलं.

"स्टुडिओत मांडव नसतं आये. काचेची खोली असते."

"आनी नावां?"

"नावां कशी घालनार? कॅसेट सगल्यांना इकायची हाय. तो भाग काडला नि तिथं बाजा घातला."

आई सुकट निवडत राहिली. बायला वाटलं, निभावलं. मलाही तसंच वाटलं.

कॅसेट तुफान चालली. त्यावरून बायला सिनेमा मिळाला. डोक्यावर टोपली घेऊन गाणारी कोळीण त्यांना हवी होती. घरी टोपली उचलायची म्हटलं की हिची मान दुखायची. पडद्यावर मात्र कधी दुखली नाही, कारण त्या टोपलीत रबराचे मासे होते. पुढे प्रत्येक सिनेमात ती कोळीणच झाली. कधी नायकाची मैत्रीण, कधी बहीण, एकदा तर तिच्याहून वयाने मोठ्या नटाची आई. प्रत्येक सिनेमात तिला वेगळं नाव मिळायचं. पालघरच्या थेटरात पहिला सिनेमा लागला तेव्हा आम्ही टेम्पो करून गेलो. ती पडद्यावर आली आणि अख्ख्या थेटराने तिला खऱ्या नावाने हाका मारल्या. माझे डोळे भरून आले होते. आई म्हणाली, "साडी कमरेला सैल नेसलीय."

इकडे आईला बोलावणी येईनाशी झाली. आधी एकदोन पैसेवाल्या घरांनी हळदीला भोंग्यावर बायची कॅसेट लावली. मग ती हौस झाली, आणि मग पद्धत. आवाज हिच्याच लेकीचा, मग हिचा मानच झाला की, असं लोक म्हणायचे. दिवा लावायला तेवढं बोलवायचे आणि पहिल्या पंगतीला बसवायचे. लग्नसराईत आमच्या आळीत एकदम तीन-तीन मांडवांतून तोच धवला ऐकू यायचा, एक पुढे, एक मागे. आई दारात बसून ऐकायची. नवऱ्या बिननावाच्या हळदीने पिवळ्या होत होत्या, त्यांना मुलंबाळंही होत होती, कोणाचं काही अडलं नाही. अडलं नाही हेच मला खुपायचं. नंतर तेही खुपेनासं झालं.

नव्वद उजाडलं तशी बायची कामं आटली. कोळीगीतांवर डिस्को चढला होता आणि नाचायला कोवळ्या पोरी होत्या. बाय कधी पडद्यावर दिसलीच तर गर्दीत, टोपलीसकट. ती मधूनमधून घरी येऊन राहायला लागली. एकदा तिच्यासोबत एक माणूस आला. शूटिंगला दिवे लावणारा, कमी बोलणारा, चाळिशी ओलांडलेला. आल्याआल्या त्याने ओट्यावरचा आमचा लुकलुकता बल्ब नीट केला. बाय म्हणाली, आम्ही लग्न करतोय.

कोर्टात सह्या करून मोकळे व्हा, मी म्हटलं. या वयात मांडव कशाला?

"मना हलद पायजे," ती म्हणाली. "आयेचा धवला पायजे. सगला. नावांसकट." मग जरा थांबून म्हणाली, "इतक्या लोकांनी माजं नाव घेतलं गो. ह्ये एकदाच व्हायचं ऱ्हायलं."

ती काय मागतेय हे मला कळलं होतं. तिने काढून टाकलेला भाग आता एकाच माणसाकडे उरला होता. आणि आईने गाण्याची बोलावणी थांबल्यापासून तोंडातून धवल्याचा शब्द काढला नव्हता. बाय रोज तिच्यापुढे बसायची, केस विंचरून द्यायची, मासे साफ करून द्यायची. आई हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. शेवटी एका सकाळी म्हणाली, "मांडव घाला." बाय न्हाणीत जाऊन रडली. मी बाहेर उभी राहून ऐकलं आणि मग भात लावला.

हळदीला गर्दी झाली. पालघरजवळच्या माहीमवरून, बेटेगाववरून बायका आल्या. निम्म्या नात्यातल्या, निम्म्या नटी बघायला. भोंगेवाल्याने सवयीने कॅसेट काढली होती, ती बायने परत ठेवायला लावली. आई नवी साडी नेसून दिव्याजवळ बसली आणि गायला लागली. आवाज चिरकला होता, पण जागच्या जागी होता. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बायने डोळे मिटले होते. ती वाट बघतेय हे माझ्याएवढं तिथे कोणालाच कळत नव्हतं.

ती जागा आली. ही लेक कोणाची, आईने विचारलं, आणि थांबली.

दम लागला असेल, म्हणून कोणीतरी पाणी पुढे केलं. आईने घेतलं नाही. तिची बोटं दिव्याच्या ताटावर ठेका धरत होती. ठेका संपला, आणि तिने थेट पुढचा भाग उचलला, पाठवणीचा, कॅसेटमध्ये येतो तिथूनच, त्याच शब्दावरून.

नावं गेली होती. आईने ती राखून ठेवली असतील असं आम्ही दोघी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

धवला हळदीला दोनदा म्हणतात. दुसऱ्या वेळी बायने डोळे उघडे ठेवले. हळदीने भरलेला चेहरा आईच्या अगदी जवळ नेला. ती जागा पुन्हा आली. ही लेक कोणाची? आई पुन्हा थांबली, बोटं पुन्हा ताटावर चालू झाली.

"आये," बाय हळूच म्हणाली, "माजं नाव."

आईने तिच्याकडे पाहिलं. ओळखीचंच पाहिलं, मायेने पाहिलं.

"थांब गो," ती म्हणाली, "बाजा वाजतोय."

मांडवात कोणीच काही वाजवत नव्हतं. बायने मान डोलावली आणि बाजा संपेपर्यंत तिच्याबरोबर थांबली.