तुषारांतलं इंद्रधनुष्य

समोरच्या द्राक्षबागेत औषधाची फवारणी चालली होती आणि कोवळ्या उन्हात त्या तुषारांवर इंद्रधनुष्य उमटलं होतं. मी मामांशेजारी ओसरीवर बसून बघतच राहिले. मामांनी उभा जन्म असंच, तोंडाला काही न बांधता औषध मारलं. आता त्यांना कंपवात झालाय. "त्या औषधांमुळेही असेल, नक्की सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले. इतकं सुंदर दिसणारं काही माणसाच्या आत इतकं हळू उतरत असेल?

"मामा, तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

"वेलींना जपत होतो गं. स्वतःकडं कोण बघतंय?"

मग ते काठी टेकत कुंपणापाशी गेले. थरथरत्या हातानं गळ्यातला पंचा काढून त्यांनी फवारणाऱ्या शेजाऱ्यापुढे धरला. "दत्तू, तोंडाला बांध."

दत्तूनं गाठ मारेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.