मैनेची धार

मार्चचा दुसरा सोमवार. सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं, वारा अजिबात नव्हता.

रोज चार ओळी लिहायची मला जुनी सवय. अंडाशयाचा कॅन्सर उलटला तेव्हा वाटलं, आता वहीत नुसती औषधांची नावंच येणार. पण केमोच्या हॉलमध्ये आम्ही बायका तासन् तास सलाईन लावून बसतो. हात अडकलेले, तोंडं मोकळी! किस्से साचायला आणखी काय लागतं?

शेजारच्या खुर्चीत सांगोल्याकडच्या हौसाबाई. घरी शेळ्यामेंढ्या. माझाच आजार, पण त्यांचा तिसरा फेरा. पहिल्या दिवशी मी हळहळून म्हणाले, "परत आला का हो?"

"व्हय की! पाव्हणा सारखा सारखा येतोय, म्हंजी आमचा पाव्हणचार लई चांगला झाला आसंल!"

* * *

पलीकडे नरसम्मा. शहरातल्याच, विड्या वळणाऱ्या. केस गेल्यावर सुनेनं त्यांना लांब केसांचा विग आणून दिला. तो घालून त्या भाचीच्या लग्नाला गेल्या. तिथे एक विहीणबाई मागेच लागल्या, "केस किती दाट हो तुमचे! लावता काय?"

नरसम्मा शांतपणे म्हणाल्या, "सलाईन. तीन आठवड्यांतून एकदा!"

* * *

केमोनं माझ्या तोंडाची चव गेली आणि स्वयंपाक यांच्याकडे आला. आमटीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. मुलगा अर्ध्या ताटावरून उठायचा. मी मात्र वाटी संपवायचे, कारण मला सगळं सारखंच लागायचं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. यांना वाटायचं, हिला आवडतंय!

एका दुपारी पहिलाच घास घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. "अहो, केवढं हे मीठ!"

हे पळीसकट दारात धावले आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं, "आली! हिची चव आली! माझी आमटी टाकली तिनं!"

* * *

आजार तपासतात तसं आमचं जगणं कसं चाललंय हेही इथे विचारतात. सिस्टर ठरलेले प्रश्न वाचते आणि आम्ही उत्तरं द्यायची.

"मावशी, रोजची कामं करताना त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, बराच की खूप?"

हौसाबाईंनी विचार करून सांगितलं, "मला थोडा. मैनेला लई!"

मैना त्यांची शेळी. औषधानं हौसाबाईंची बोटं बधीर झाली होती. धार काढताना सड किती दाबला गेला ते त्यांना कळायचं नाही. मैना लाथ झाडायची आणि तांब्या उडायचा. सून बसली तर मैना दूधच चोरायची, सडात उतरू द्यायची नाही.

सगळा हॉल हसला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. "ल्हानाची मोटी केली म्या तिला. आन् आता माज्याच हाताला भितीया."

* * *

हौसाबाईंच्या केमोचा हा फेरा संपला. काही महिन्यांनी रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा पुन्हा चढला, पोटात मात्र त्रास काही नव्हता. त्यांचा मुलगा हट्टाला पेटला, "मॅडम, आजच सुरू करा!"

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नुसत्या आकड्यासाठी घाई केली म्हणून आयुष्य वाढतंच असं नाही. त्रास सुरू होईपर्यंत थांबता येईल. बोटांनाही सवड मिळेल. पण दर महिन्याला दाखवायला यायचं. मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"मैना गाभण हाय. ती याली की तिची धार माज्या हातानं काढायची. मग लावा काय लावायचं ते."

मुलगा चिडला. "आये, जीव मोटा का शेळी?"

"जीव माजाच हाय न्हवं? मग बाई मला इच्यारत्यात. तू गप!"

त्यानंतर दर महिन्याला हौसाबाई यायच्या आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून बधीर बोटांनी पदराची पिन उघडायच्या, लावायच्या. उघडायच्या, लावायच्या.

* * *

आणि हा आजचा किस्सा.

आज हौसाबाई आल्या तेव्हा पोट फुगलेलं होतं. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, आता थांबायला नको. बोटं कशी आहेत? माझ्या कोटाचं हे बटण लावून दाखवा बरं."

"बटनाचं काय दावायचं? बटन लाथ मारतंय व्हय? तुमी खाली चला."

खाली गेटाशी छोटा टेम्पो उभा. त्यात मैना आणि तिची दोन करडं! टेम्पो मुलानंच ठरवला होता. वॉचमन त्याच्याशी तावातावानं भांडत होता; मॅडमना बघून बाजूला झाला. वर आम्ही बायका सलाईनचे स्टँड ढकलत खिडकीशी जमलो.

मैनेला खाली उतरवलं. मुलानं कान धरला. हौसाबाई पोट सांभाळत टेकल्या, तांब्या पुढ्यात ठेवला, बोटांना थुंकी लावली. मैनेनं मान वळवून एकदा मागं बघितलं.

मग तांब्यात पहिली चिळकांडी वाजली.

मैना हलली नाही. अर्धा तांब्या दूध निघालं. दुपारी हौसाबाईंना सलाईन लागलं.