साखळी सरकारची, टोपी साहेबांची

"हरगिज नाही! सरकारी जरीब आहे," आमच्या मोजणी तुकडीचे वरिष्ठ, मुन्सरिम साहेब ओरडले आणि चक्क साखळीवरच बसले.

जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. निजामाचा अंमल, ऐन उन्हाळा, भूमकडचा डोंगर. पाण्याच्या घागरींची गाडी वाट चुकली होती. साखळी ओढणारा बसप्पा ऊन लागून आडाजवळ पडला होता. घाम थांबलेला, बोलणं बंद. आडात पाणी दिसत होतं, पण दोर नाही, पोहरा नाही. दोराऐवजी साखळी आत सोडू, एवढंच मी, तुकडीतला नवा मोजणीदार, म्हणालो होतो.

"एक कडी ताणली तर अख्ख्या तालुक्याची पैमाइश गलत होईल. जवाब कोण देणार? तुम्ही?"

ताणलेली साखळी खोटं माप देते, हे खरंच आहे. साहेबांचं खरं असलं की जास्त संताप येतो. इथं माणूस जायला टेकला होता आणि हे कड्या सांभाळत होते.

मग मी आणि दुसरा साखळीवाला दगडू कामाला लागलो. गारगोटी फोडून धारदार कपची काढली, तिनं पळसाची मुळं उकरून तोडली. ती दगडानं ठेचली की सुंभासारखे धागे निघतात. ते वळून दोर केला. "जरा मजबूत वळा," साहेब बसल्या जागेवरून म्हणाले. पळसाचीच पानं बाभळीच्या काट्यांनी टाचून मोठा द्रोण केला, बुडावा म्हणून त्यात दगड घातला. वर आला तेव्हा आत नुसता दगड होता.

पटका भिजवून पिळता आला असता. पण माझी नजर साहेबांच्या लाल रूमी टोपीवर गेली. जाड, उभट, थेट पोहऱ्याच्या घाटाची.

"साहेब, टोपी द्या."

"माझी टोपी?"

"सरकारी थोडीच आहे?"

दगडू तोंड फिरवून हसला. साहेबांनी बसप्पाकडे पाहिलं आणि टोपी काढून दिली. ती दोराला बांधून सोडली, अर्धी भरून आली. बसप्पाचे ओठ ओले केले, बाकीचं अंगावर ओतलं. पुन्हा सोडली, पुन्हा ओतलं. शेवटी त्यानं डोळे उघडले, घोटभर पाणी घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"पान्याला चमेलीच्या तेलाचा वास यायलाय. दुसरं काय न्हाय का?"

साहेब लालबुंद झाले. मी मात्र रडलो.

पुढं मीही मुन्सरिम झालो. हाताखालची माणसं कुरकुर करत असली की मी निवांत असतो. एखादा गप्प झाला की आधी पाणी घेऊन धावतो.